घरच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा खर्ज कमी पडत असेल तर: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

खानदेशातल्या घरांत आज जे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारे ॲम्प्लिफायर, वाजताना दिसतात, ते साधारणपणे तीन वाटांनी आलेले असतात. काही जुन्या रेडिओग्रामचे (रेडिओ आणि तबकडीवादक एकत्र असलेल्या यंत्राचे) किंवा मोठ्या रेडिओचे आहेत. काही लग्नकार्यात आणि यात्रेत भोंगे वाजवणाऱ्या मंडपवाल्यांनी मोडीत काढलेले आहेत, आणि काही अलीकडे हौसेने सुटे भाग आणून जोडलेले ईएल८४ किंवा ६व्ही६ या व्हॉल्व्हचे छोटे संच आहेत. तिन्ही प्रकारांच्या मालकांची तक्रार मात्र बहुधा एकच असते. गळा गोड लागतो, बासरी आणि सतार अंगावर येते, पण तबल्याच्या डग्ग्याची घुमक, पखवाजाचा भरीव ठोका किंवा सातपुड्यातल्या होळीच्या मोठ्या ढोलाचा दणका कुठेतरी हरवलेला असतो.

अशा वेळी नवखा माणूस लगेच पेचकस घेऊन खालची प्लेट उघडतो आणि सगळे कंडेन्सर (विद्युतभार साठवणारे सुटे भाग) बदलायला लागतो. तसे करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. खर्ज कमी पडण्याची निम्म्याहून अधिक कारणे ॲम्प्लिफायरच्या बाहेर असतात. ती शोधायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि त्यांत विजेच्या धक्क्याचा धोकाही फारसा नसतो. म्हणून पुढचा क्रम मुद्दाम बाहेरून आत जाणारा ठेवला आहे. आधी स्पीकर आणि त्याच्या तारा पाहाव्यात, मग खोली, मग घरातला विजेचा दाब आणि ज्यातून गाणे येते ते साधन, आणि हे सगळे निर्दोष ठरल्यावरच चेसिसच्या (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याच्या) आत हात घालावा.

अपेक्षा किती ठेवावी

पुरुषाच्या बोलण्यातला मूळ स्वर १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. घरगुती मध्यम आकाराचे पेटीबंद स्पीकर साधारण ५० ते ७० हर्ट्झपर्यंत नीट उतरतात आणि त्याखाली त्यांचा आवाज भराभर पडतो. त्यामुळे ६० हर्ट्झपर्यंतचा खर्ज स्वच्छ मिळाला तर भारतीय संगीतातले जवळपास सगळे काही ऐकू आले असे समजावे.

दुसरी मर्यादा ताकदीची असते. एकाच ईएल८४ वर चालणारा ॲम्प्लिफायर साधारण ५ वॅट देतो. त्याच व्हॉल्व्हची जोडी पुश-पुल पद्धतीने, म्हणजे दोघांनी आळीपाळीने भार वाहावा अशी, लावली तर १२ वॅटच्या पुढे जाता येते. आवाजाची पातळी ३ डेसिबलने वाढवायची तर ताकद दुप्पट लागते. म्हणजेच १ वॅटला ८६ डेसिबल देणाऱ्या आधुनिक छोट्या स्पीकरऐवजी ९५ डेसिबल देणारा जुन्या धाटणीचा मोठा स्पीकर लावला, तर तेवढ्याच आवाजासाठी सुमारे एक अष्टमांश ताकद पुरते. खर्जाला सर्वांत जास्त ताकद लागते, म्हणून लहान ॲम्प्लिफायरवर मंद स्पीकर लावला की सर्वांत आधी खर्जच चेपला जातो. स्पीकरच्या मागच्या पट्टीवर ही डेसिबलची संख्या छापलेली असेल तर ती अवश्य वाचावी.

पहिली पायरी: दोष ॲम्प्लिफायरचा आहे का, हे ठरवणे

शेजाऱ्याकडून किंवा मित्राकडून एखादा साधा, चालू स्थितीतला ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर अर्ध्या तासासाठी मागून आणावा. त्याच खोलीत, त्याच जागी ठेवलेल्या त्याच स्पीकरवर, त्याच मोबाइलमधून तेच गाणे लावावे आणि टोनची बटणे मध्यावर ठेवावीत. खर्ज तेव्हाही कमीच वाटला तर व्हॉल्व्हना दोष देण्याचे कारण उरत नाही. तो स्पष्ट वाढला तर मात्र पुढच्या पायऱ्यांत आपल्याला कुठे जायचे आहे हे कळते. ही चाचणी इतकी सोपी आहे की बहुतेक जण ती टाळतात आणि महिनाभर चुकीच्या जागी शोधत बसतात.

दोन स्पीकर असतील तर त्यांच्या तारांची दिशा पाहावी. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील तर एकाचा पडदा बाहेर येतो त्याच वेळी दुसऱ्याचा आत जातो आणि दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. वरचे स्वर मात्र ठीक ऐकू येतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. तपासण्यासाठी स्पीकर ॲम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवून दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर त्याच्या तारांना लावावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन खुणेला लागले असता पडदा बाहेरच्या बाजूला सरकला पाहिजे. दोन्ही स्पीकरवर अशी खूण करून घ्यावी आणि मग जोडणी करावी.

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या मागे ४, ८ आणि १५ किंवा १६ ओम अशी वेगवेगळी टोके असतात. ८ ओमचा स्पीकर ८ च्याच टोकाला असावा. चुकीच्या टोकाला जोडल्याने व्हॉल्व्हवरचा भार बदलतो, ताकद घटते आणि आवाजातला विपर्यास वाढतो. इथेच एक ताकीद द्यायला हवी. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला स्पीकर नसला तरी चालते, परंतु व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता कधीही जोरात चालवू नये, कारण अशा स्थितीत आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) फार मोठा दाब उभा राहून त्याचे वेष्टण फुटू शकते, आणि तो भाग सर्वांत महाग असतो.

स्पीकर उघडा, पेटीशिवाय टेबलावर ठेवून वाजवला जात असेल तर खर्ज मिळणारच नाही. पडद्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटते आणि लांब लहरी तिथल्या तिथे विरतात. पेटी असेल तर तिच्या सांध्यांतून, तारेच्या भोकातून किंवा निसटलेल्या स्क्रूच्या जागेतून हवा गळते का ते पाहावे. पडद्याच्या कडेची फोमची रिंग हाही इथल्या हवामानात नेहमीचा दुखणेकरी भाग आहे. काही वर्षांत हा फोम भुसभुशीत होऊन बोट लावताच गळून पडतो. रिंग फाटलेली असेल तर ती बदलून घ्यावी. स्पीकर दुरुस्त करणारा अनुभवी माणूस हे काम सहज करतो.

खोली आणि बसण्याची जागा

खानदेशातली घरे आवाजाच्या दृष्टीने दोन टोकांची आहेत. जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या जाड भिंती आणि जड छप्पर खर्ज आत अडवून धरतात, त्यामुळे तिथे तो भरपूर आणि क्वचित गढूळही होतो. पत्र्याच्या छताच्या खोलीत मात्र तो पत्र्यातून सहज बाहेर निसटतो आणि वर पत्रा थरथरतो तो वेगळाच. सिमेंटच्या स्लॅबच्या लहान चौकोनी खोलीत तिसरीच अडचण येते, ती अशी की खर्ज काही जागी उफाळतो आणि काही जागी नाहीसा होतो.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १२ फूट लांबीच्या खोलीत, म्हणजे साधारण ३.६६ मीटरमध्ये, समोरासमोरच्या भिंतींमधली पहिली स्थिर लहर सुमारे ४७ हर्ट्झला तयार होते. या लहरीचा दाब भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या बरोबर मधोमध जवळजवळ शून्य असतो. खोली लांबीरुंदीला सारखी असेल तर दोन्ही दिशांचा हा खड्डा एकाच ठिकाणी, नेमका मध्यावर पडतो, आणि आपली खुर्ची सहसा तिथेच असते. म्हणून खुर्ची मागच्या भिंतीकडे दोन-तीन फूट सरकवून ऐकावे. फरक इतका ठळक असतो की अनेकांचे काम इथेच संपते.

स्पीकर भिंतीजवळ नेला की खर्ज वाढतो आणि कोपऱ्यात नेला की आणखी वाढतो. प्रत्येक भिंतीमागे तत्त्वतः ६ डेसिबलपर्यंत भर पडते, प्रत्यक्षात ती ३ ते ५ डेसिबल मिळते. ५ वॅटच्या ॲम्प्लिफायरला ही फुकटची मदत फार मोलाची आहे. मात्र अगदी कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर गायकाचा आवाज घोगरा करतो, त्यामुळे एकेक वीत पुढे ओढत, एकच ओळखीचे गाणे पुनःपुन्हा लावत योग्य जागा शोधावी. कानबाईच्या गाण्यांचे चांगले ध्वनिमुद्रण किंवा पखवाजाची एकट्याची साथ यासाठी उत्तम. दणदणाट असलेले डीजेचे गाणे चाचणीला घेऊ नये, कारण त्यातला खर्ज मुळातच फुगवलेला असतो आणि दोष झाकून टाकतो.

विजेचा दाब

ही गोष्ट शहरातल्या मार्गदर्शनात सहसा येत नाही, पण आपल्याकडे ती महत्त्वाची आहे. रब्बीच्या दिवसांत विहिरींवरचे आणि केळीच्या बागांतले पंप एकदम सुरू झाले की खेड्यात आणि तालुक्याच्या गावातही घरचा दाब २३० व्होल्टवरून बराच खाली येतो. तो १९० व्होल्टपर्यंत उतरला असे धरले तर व्हॉल्व्हना मिळणारा उच्च दाब सहाव्या हिश्श्याहून अधिक घटतो आणि मिळणारी ताकद साधारण एक तृतीयांशाने कमी होते. शिवाय व्हॉल्व्हच्या तापतारेला ६.३ व्होल्टऐवजी ५.२ च्या आसपास मिळतात. कॅथोड, म्हणजे व्हॉल्व्हमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, पुरेसा तापत नाही, विद्युतप्रवाह कमी पडतो, आणि असे सतत चालल्याने व्हॉल्व्हचे आयुष्यही घटते.

म्हणून खर्ज संध्याकाळी कमी आणि रात्री उशिरा चांगला वाटत असेल, तर मल्टिमीटरने दोन्ही वेळी सॉकेटमधला दाब मोजून लिहून ठेवावा. चांगला स्टॅबिलायझर हा यावरचा सरळ उपाय आहे. जुन्या यंत्रांच्या मागे २००, २२०, २४० असे दाब निवडण्याचे खटके किंवा टोके असतात, तीही तपासावीत. तथापि संध्याकाळी दाब कमी असतो म्हणून २०० च्या टोकावर कायमचे ठेवू नये, कारण मध्यरात्री पंप बंद झाल्यावर तोच दाब २४० च्या वर जाऊन व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर दोन्ही जाळू शकतो.

गाणे कुठून येते

मोबाइल किंवा ब्लूटूथ रिसीव्हर असेल तर त्याच्या आवाजाच्या सेटिंगमधले इक्वलायझर बंद करावे. जुनी तबकडी वाजवत असाल तर काळजी अधिक घ्यावी लागते. रेडिओग्राममध्ये असते त्या सिरॅमिक सुईला जवळजवळ १ मेगॉओम किंवा त्याहून अधिक इनपुट लागते. ती आजच्या ४७ किलोओमच्या इनपुटला जोडली तर आवाज पातळ आणि कोरडा येतो. उलट चुंबकीय सुई थेट साध्या इनपुटला जोडली तर खर्ज जवळजवळ नाहीसाच होतो, कारण १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए या प्रमाणित पद्धतीत तबकडी कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबून ठेवलेले असतात आणि ते वाजवताना फोनो प्रीॲम्प्लिफायरने पुन्हा वर उचलायचे असतात.

हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येणे हा तर कानाचाच धर्म आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले की आवाजाची पातळी उतरली की माणसाचा कान खालच्या स्वरांना सर्वांत आधी बहिरा होतो. रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून आपण आवाज लहान ठेवत असाल, तर बेसचे बटण थोडे वाढवणे हाच योग्य उपाय आहे.

उघडण्याआधी मोजणे आणि जपणे

कानाची खात्री धरू नये, मोजून पाहावे. स्पीकरच्या जागी ८.२ ओम, १० वॅटचा वायरवाउंड (तार गुंडाळून केलेला) रेझिस्टर, म्हणजे विद्युतरोधक, जोडावा. मोबाइलवर स्वर निर्माण करणारे ॲप उतरवून ४०० हर्ट्झचा स्वर लावावा आणि रेझिस्टरवर २ व्होल्ट एसी येतील इतका आवाज ठेवावा. मग आवाजाचे बटण न हलवता २००, १००, ७०, ५० आणि ४० हर्ट्झला आलेले आकडे वहीत लिहावेत. जिथे २ चे १.४ व्होल्ट झाले तिथे ३ डेसिबलची घट झाली, आणि जिथे १ व्होल्ट उरला तिथे ६ डेसिबलची. बाजारात मिळणाऱ्या सर्वांत स्वस्त मल्टिमीटरवर एसीची खालची पट्टी २०० व्होल्टची असते, ती या कामाला निरुपयोगी आहे, म्हणून २० व्होल्ट किंवा त्याखालची एसी पट्टी असलेले मीटर घ्यावे. हा तक्ता हातात असेल तर प्रत्येक बदलानंतर खरोखर काय सुधारले हे कळते.

हीच मोजणी नंतर ५ व्होल्टवर पुन्हा करावी. कमी पातळीवर आकडे ठीक आणि मोठ्या पातळीवर खालचे स्वर कोसळत असतील, तर संशय व्हॉल्व्ह, वीजपुरवठा किंवा ट्रान्सफॉर्मरवर जातो. दोन्ही पातळ्यांवर सारखीच घट असेल तर संशय कंडेन्सरवर जातो. आत काय शोधायचे हे या एका फरकावरून ठरते.

आता धोक्याविषयी. या यंत्रांत २५० ते ४५० व्होल्टचा डीसी दाब असतो आणि तो वीज बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. तो माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून प्लग भिंतीतून काढावा आणि काही मिनिटे थांबावे. मग चांगल्या इन्सुलेशनच्या तारेला जोडलेला १० किलोओम, १० वॅटचा रेझिस्टर कंडेन्सरच्या धन टोकापासून चेसिसला लावून तो रिकामा करावा आणि मीटरने दाब ५ व्होल्टच्या खाली आला आहे हे पाहूनच हात घालावा. चालू यंत्रात मोजताना एक हात पाठीमागे ठेवावा, पायात रबरी चप्पल असावी आणि घरात दुसरे कोणीतरी जागे असावे. ज्या जुन्या रेडिओत वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि यूएल८४ सारखे यू अक्षराने सुरू होणारे व्हॉल्व्ह असतात, त्यांची चेसिस थेट विजेच्या तारेला जोडलेली असते. असे यंत्र नवख्याने उघडू नये.

आतले काम: एका वेळी एकच बदल

सर्वांत आधी दाब मोजावेत. ईएल८४ मध्ये दुसऱ्या क्रमांकाची पिन ग्रिडची (प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या जाळीची) आणि तिसरी कॅथोडची असते. ६व्ही६ मध्ये ग्रिड पाचव्या आणि कॅथोड आठव्या पिनवर असतो. कॅथोडला रेझिस्टर असलेल्या यंत्रात आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर चेसिसच्या तुलनेत जवळजवळ शून्य व्होल्ट असले पाहिजेत. तिथे एक-दोन व्होल्ट धन दिसले तर आधीच्या टप्प्यातून येणारा कपलिंग कंडेन्सर गळतो आहे. जुने मेणकागदी कंडेन्सर हमखास गळतात. गळतीमुळे व्हॉल्व्ह जास्त प्रवाह ओढतो, लाल होतो, ट्रान्सफॉर्मरचा गाभा डीसी प्रवाहाने भरून जातो आणि खर्जासाठी त्यात जागाच उरत नाही. असा कंडेन्सर सापडला तर इतर काहीही करण्याआधी तो बदलावा, कारण त्यामुळे खर्जही सुधारतो आणि व्हॉल्व्हही वाचतो.

एकट्या ईएल८४ चा कॅथोड रेझिस्टर साधारण १३५ ओमचा असतो आणि त्यावर सुमारे ७ व्होल्ट दिसतात. पुरवठ्याचा दाब बरोबर असूनही तिथे ४ व्होल्टच येत असतील तर व्हॉल्व्ह थकलेला आहे.

कपलिंग कंडेन्सर आणि त्यानंतरचा ग्रिडचा रेझिस्टर मिळून खर्जाची सीमा ठरते. हिशेब सोपा आहे. रेझिस्टर ओममध्ये आणि कंडेन्सर फॅरडमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ६.२८ ने गुणावे आणि १ ला त्या संख्येने भागावे, म्हणजे जिथे आवाज ३ डेसिबलने पडतो तो हर्ट्झचा आकडा मिळतो. ४७० किलोओमबरोबर ०.००५ मायक्रोफॅरड असेल तर ही सीमा ६८ हर्ट्झला येते, ०.०१ असेल तर ३४ ला आणि ०.०२२ असेल तर १५ ला. यंत्रात असे दोन टप्पे असतील तर दोघांची घट एकत्र होते. म्हणून प्रत्येक टप्प्याची सीमा २० हर्ट्झच्या खाली नेणे पुरेसे आहे. नवा कंडेन्सर पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचा, ४०० किंवा शक्यतो ६३० व्होल्टचा असावा. तो जळगावात किंवा धुळ्यात मिळाला नाही तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नक्की मिळतो.

मंडपातून आलेल्या ॲम्प्लिफायरबाबत हा मुद्दा विशेष लागू पडतो. त्यांचा खर्ज बिघाडाने नव्हे, तर हेतुपूर्वक कमी केलेला असतो. भोंग्याच्या आकारमानामुळे २००-३०० हर्ट्झखालचा आवाज त्यातून बाहेर पडतच नाही. तो पाठवला तर भोंग्याच्या मागच्या युनिटचा पातळ पडदा मोकाट हलून फुटतो. म्हणून बनवणाऱ्यांनी कपलिंग कंडेन्सर लहान ठेवले. घरच्या पेटीबंद स्पीकरसाठी वापरायचे असेल तर ते वाढवावेत, पण काढलेले मूळ कंडेन्सर एका पाकिटात घालून चेसिसलाच बांधून ठेवावेत, म्हणजे उद्या कोणी पुन्हा भोंगा जोडायचे ठरवले तर युनिटचा बळी जाणार नाही. या यंत्रांच्या मागे ७० आणि १०० व्होल्टच्या लाइनची टोकेही असतात, त्यांना घरचा स्पीकर कधीही जोडू नये.

यानंतर कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर जोडलेला बायपास कंडेन्सर. नव्या अभ्यासकांचे याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि माझ्या मते खर्जातली सर्वांत मोठी सुधारणा बहुधा इथेच लपलेली असते. हा इलेक्ट्रोलायटिक प्रकारचा असतो आणि वाळत जातो. अशा कंडेन्सरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. आता भुसावळ-जळगावचा ४५ अंशांचा उन्हाळा आणि त्यात पेटलेल्या व्हॉल्व्हखालची बंद चेसिस डोळ्यांसमोर आणावी, म्हणजे इथल्या यंत्रांतले हे भाग लवकर का संपतात ते लक्षात येईल. आधीच्या टप्प्यातल्या १२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३ या छोट्या व्हॉल्व्हच्या १.५ किलोओमच्या कॅथोडवर २५ मायक्रोफॅरड चांगल्या स्थितीत असेल तर सीमा ८ हर्ट्झच्या आसपास असते. तोच वाळून २ मायक्रोफॅरड उरला तर ती १०० हर्ट्झवर चढते आणि त्याखालचा आवाज जवळजवळ ६ डेसिबलने खाली बसतो. आउटपुटच्या ईएल८४ ला तर चांगल्या स्थितीतही ५० मायक्रोफॅरड अपुरे असतात, कारण तिथली सीमा साधारण ६० हर्ट्झला येते. त्या जागी २२० मायक्रोफॅरड, ३५ किंवा ५० व्होल्टचा लावला की ती १४ हर्ट्झपर्यंत उतरते. खर्च चहा-नाश्त्याइतका येतो आणि फरक पहिल्याच पखवाजाच्या थापेला कळतो. कंडेन्सर १०५ अंशांचा घ्यावा, ८५ चा नको, आणि धन टोक कॅथोडकडे आहे याची दोनदा खात्री करावी.

वीजपुरवठ्याचे मोठे कंडेन्सर वाळले असतील तर खर्जाबरोबर १०० हर्ट्झची घरघरही ऐकू येते. ते बदलताना जितका मोठा तितका चांगला असे समजून चालत नाही. रेक्टिफायरही (एसीचे डीसी करणारा भाग) व्हॉल्व्हचाच असेल तर त्याच्या लगेच पुढच्या कंडेन्सरला मर्यादा असते. ईझेड८१ साठी ती ५० मायक्रोफॅरड आणि जीझेड३४ साठी ६० आहे. ती ओलांडली तर प्रत्येक वेळी सुरू करताना रेक्टिफायरवर अतिरिक्त ताण येतो आणि तो ठिणगी टाकून संपतो. म्हणून पहिला कंडेन्सर मूळच्या मायक्रोफॅरडचाच ठेवावा आणि वाढवायचा असेल तर चोक (लोखंडी गाभ्यावरचे वेटोळे) किंवा रेझिस्टरच्या पुढचा दुसरा वाढवावा.

आउटपुटपासून मागे जाणारी निगेटिव्ह फीडबॅकची (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून आधीच्या टप्प्याला परत देणारी) तार आणि तिचा रेझिस्टरही पाहावा. तो तुटला असेल तर आवाज एकदम मोठा पण सैल होतो, आणि ठोका संपल्यावरही स्पीकर घुमत राहतो. फीडबॅक असलेल्या यंत्रात सगळे कपलिंग कंडेन्सर एकदम दहापट करू नयेत, कारण मग अतिखालच्या स्वरांवर यंत्र स्वतःच डोलू लागते आणि स्पीकरमधून जुन्या ऑइल इंजिनासारखी फट्-फट् सुरू होते. तसे झाले तर शेवटचा बदल मागे घ्यावा. एका वेळी एकच बदल करण्याचा आग्रह याचसाठी आहे.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर

वरचे सगळे करूनही ५ व्होल्टच्या मोजणीत ६०-७० हर्ट्झला आवाज कोसळतच असेल, तर मर्यादा आउटपुट ट्रान्सफॉर्मरने ठरवलेली आहे. वारंवारता निम्मी झाली की तेवढ्याच दाबासाठी गाभ्यात दुप्पट चुंबकीय प्रवाह लागतो. आगपेटीपेक्षा थोडा मोठा, रेडिओतला ट्रान्सफॉर्मर तो पेलू शकत नाही, आणि कंडेन्सर कितीही बदलले तरी ही मर्यादा हलत नाही. पुश-पुल यंत्रात ट्रान्सफॉर्मर बदलण्याआधी दोन्ही व्हॉल्व्हचे प्रवाह सारखे आहेत का ते दोन्ही कॅथोडवर मोजून पाहावे. त्यांत मोठी तफावत असेल तर गाभा एका बाजूने भरतो आणि केवळ जुळवलेली जोडी लावल्याने खर्ज परत येतो.

एकट्या व्हॉल्व्हच्या यंत्रात आणखी एक उपाय उपलब्ध असतो. ईएल८४ सारख्या पेंटोड (पाच इलेक्ट्रोडच्या) व्हॉल्व्हचा स्क्रीन ग्रिड (दुसरी जाळी) १०० ओमच्या रेझिस्टरमधून ॲनोडला (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या भागाला) जोडून तो ट्रायोडसारखा (तीन इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हसारखा) चालवता येतो. समजा ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेष्टणाचे इंडक्टन्स १० हेन्री आणि भार ५ किलोओम आहे, तर ईएल८४ पेंटोड म्हणून चालवताना खर्जाची सीमा सुमारे ७० हर्ट्झला येते आणि ट्रायोड म्हणून चालवताना ती २३ हर्ट्झच्या आसपास उतरते. मोबदल्यात ताकद निम्म्याहून कमी होते. म्हणून संवेदनशील स्पीकर असेल तरच हा मार्ग धरावा.

नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायचा झाला तर आपल्याकडे मोटार रिवाइंडिंगची दुकाने गावोगाव आहेत आणि तिथल्या कारागिरांचा हात सफाईदार असतो. परंतु त्यांना पंपाच्या मोटारींची आणि स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरची सवय असते. त्यामुळे तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. गाभा पूर्वीपेक्षा निदान दुप्पट छेदाचा असावा. प्राथमिक आणि दुय्यम वेष्टणे एकावर एक अशी थरांत विभागून गुंडाळावीत, नाहीतर वरचे स्वर मरतात. आणि यंत्र एकाच आउटपुट व्हॉल्व्हचे असेल तर ई आकाराच्या पट्ट्या एकाआड एक उलटसुलट न बसवता सगळ्या एकाच बाजूने बसवाव्यात, समोरून आय पट्ट्यांचा गठ्ठा लावावा आणि दोघांच्या मध्ये कागदाची पातळ घडी ठेवावी. मोटारवाल्या कारागिराला हा कागद चुकीचा वाटेल आणि तो काढून पट्ट्या घट्ट विणून देण्याकडे त्याचा कल असेल. तसे होऊ देऊ नये, कारण त्या फटीशिवाय व्हॉल्व्हचा डीसी प्रवाह गाभा भरून टाकतो. पुश-पुलच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र पट्ट्या उलटसुलटच बसवायच्या असतात आणि फट ठेवायची नसते.

गुंडाळून आल्यावर तो लगेच बसवू नये. प्राथमिक आणि दुय्यम वेष्टणांमध्ये तसेच वेष्टण आणि गाभा यांच्यामध्ये मेगर या मीटरने रोधन (इन्सुलेशन) तपासून घ्यावे. रिवाइंडिंगच्या दुकानात मेगर असतोच, तेव्हा ही तपासणी तिथेच समोर उभे राहून करून घ्यावी. मग यंत्रात बसवून ८.२ ओमच्या रेझिस्टरवर पुन्हा तोच तक्ता काढावा, २ व्होल्टवर आणि ५ व्होल्टवर. फीडबॅक असलेल्या यंत्रात नवा ट्रान्सफॉर्मर जोडताच शिट्टी वाजू लागली तर दुय्यम वेष्टणाची दिशा उलट झाली आहे असे समजावे. वीज बंद करून, कंडेन्सर रिकामे करून प्राथमिक वेष्टणाची व्हॉल्व्हकडे जाणारी टोके आपसांत बदलावीत. एकाच व्हॉल्व्हच्या यंत्रात ही टोके म्हणजे ॲनोडची आणि उच्च दाबाची, तर पुश-पुलमध्ये दोन्ही ॲनोडची. मधले टोक तसेच राहू द्यावे.